शेवटच्या दिव्यापर्यंत

दिवाळी संपली की महाराष्ट्रात इतरत्र आकाशकंदील खाली उतरतात. आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र रोषणाईचा खरा हंगाम तेव्हा कुठे सुरू होतो. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, मुलामुलींची स्थळे पाहिली जातात आणि रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक रंगते. एकेकाळी हा सारा थाट गॅसबत्तीच्या सूं-सूं आवाजात पार पडायचा. मग ट्यूबलाइट आल्या, रंगीत बल्बची तोरणे आली. गेल्या काही वर्षांत गणपती, शारदा, दुर्गा आणि मंडई या सगळ्यांच्या कमानींवर एक नवाच पाहुणा येऊन बसला आहे. बाजारात त्याला पिक्सेल पट्टी म्हणतात. बोटभर रुंदीच्या पट्टीवर शेकडो ठिपक्यांएवढे दिवे, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा रंग वेगळा. लाल ठिपका धावत जातो, त्यामागे निळा लागतो, मध्येच मोर पिसारा फुलवतो. लहान मुले कमानीखालून हलायला तयार नसतात.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मंडळाचा एखादा कार्यकर्ता दारात उभा राहतो. “गुरुजी, पट्टी लुकलुकते जी. खराब माल देल्लन वाटते दुकानदारानं.”

विज्ञान शिकवण्यात वर्षे गेल्यामुळे आणि घरात एक मल्टिमीटर असल्यामुळे अशी गाऱ्हाणी माझ्याकडे येतात. आजवर पाहिलेल्या पट्ट्यांपैकी बहुतेकींत स्वतः दिव्यांचा दोष नव्हता. दुखणे दिव्यापर्यंत पोचणाऱ्या वाटेत होते. तरीही अशा पट्ट्या सर्रास उकिरड्यावर जातात आणि वर्गणीच्या पैशांतून पुढच्या वर्षी नवी पट्टी येते. तीही लुकलुकते, कारण वाट तीच असते. म्हणून या लुकलुकीची नाडी कशी पाहावी, हे एकदा नीट समजून घ्यायला हवे. त्यात पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

आधी हा पाहुणा कोण ते पाहू. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. हिरवाही आला, पण निळा काही केल्या जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा प्रकाश तयार होत नाही. ते कोडे जपानमधील इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या संशोधनाने सुटले. १९९०च्या दशकात तेजस्वी निळा एलईडी बाजारात आला आणि २०१४ साली या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मंडईच्या कमानीवर धावणाऱ्या निळ्या ठिपक्यामागे एवढा मोठा इतिहास आहे.

पिक्सेल पट्टीतला एक दिवा म्हणजे ५ मिलिमीटर लांब-रुंद असा एक चौकोनी तुकडा. त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात आणि त्यांच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढी एक चिप बसलेली असते. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, त्यामुळे एकाच दिव्यातून १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा निघू शकतात. कोणती छटा दाखवायची, हे कंट्रोलर नावाची छोटी पेटी सांगते. गंमत अशी, की शेकडो दिव्यांना हुकूम देण्यासाठी तारा शेकडो लागत नाहीत, एकच पुरते.

हे कसे घडते ते पंगतीच्या उदाहरणाने पाहा. पंगतीच्या टोकाला पत्रावळींचा गठ्ठा दिला की पहिला माणूस वरची एक काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो. दुसराही तेच करतो, तिसराही. इथे पत्रावळीच्या जागी २४ खुणांचा एक हुकूम असतो. पहिला दिवा पहिला हुकूम स्वतःकडे ठेवतो आणि बाकीचे पुढे पाठवतो. डब्ल्यूएस २८१२ बी या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जातीत सेकंदाला ८ लाख खुणा धावतात. ३०० दिव्यांच्या पट्टीला एकदा निरोप पोचवायला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो.

जुन्या बल्बच्या तोरणात वीजच एका बल्बमधून दुसऱ्यात जायची. एक बल्ब गेला की सारे तोरण अंधारात बुडायचे, आणि घरातला कर्ता पुरुष स्टुलावर उभा राहून एकेक बल्ब पिळत बसायचा. नव्या पट्टीत वीज प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मिळते, पण निरोप मात्र ओळीनेच जातो. म्हणजे या पट्टीला दोन वाटा आहेत, एक विजेची आणि दुसरी निरोपाची. लुकलुक दिसली, की बिघाड यांपैकी कोणत्या वाटेवर आहे हा पहिला प्रश्न विचारायचा.

विजेची वाट समजायला आमच्या भागातील माणसाला पुस्तक लागत नाही. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव इथे गावोगावी आहेत. सरकारदरबारी त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’ आहेत. तलावाचे पाणी पाटाने निघते आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जाते. तोंडाशी असलेल्या बांधीत धान हिरवागार डोलतो आणि शेपटाकडच्या बांधीतला शेतकरी फावडे घेऊन रात्रभर पाण्याची वाट पाहतो. तलावात पाणी कमी असते असे नाही. वाटेतच ते जिरते, अडते, आणि पाट अरुंद असला तर पुढे सरकतच नाही.

पट्टीतल्या विजेचेही असेच होते. मीटरला ६० दिवे असलेल्या ५ मीटर पट्टीत ३०० दिवे असतात. तिन्ही रंग पूर्ण पेटवून पांढरा प्रकाश केला तर एका दिव्याला ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह लागतो असे धरतात. नव्या जातींत तो कमी असतो, पण हिशेब जास्तीचाच करावा. ३०० दिव्यांचे झाले १८ अँपिअर. घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. मग ही एवढीशी पट्टी १८ अँपिअर कशी खाते? कारण ती २३० व्होल्टवर चालत नाही, फक्त ५ व्होल्टवर चालते. दाब कमी असला की तेवढेच काम करायला प्रवाह जास्त लागतो.

आता त्या वाटेवरची गळती मोजू. घरगुती वायरिंगमध्ये वापरतात त्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध एका मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. पॉवर सप्लाय पट्टीपासून ५ मीटर दूर ठेवला तर जाण्याची ५ आणि येण्याची ५ अशी १० मीटर वायर झाली, म्हणजे ०.१२ ओहम. त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला की १.२ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. घरच्या २३० व्होल्टमधून १.२ व्होल्ट गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही. इथे मात्र ५ मधला जवळपास चौथा हिस्सा गेला आणि दिव्याच्या तोंडी पडले अवघे ३.८ व्होल्ट. शिवाय खुद्द पट्टीतली तांब्याची पातळ फीत पुढे आणखी खातेच.

अशा वेळी शेपटाकडचे दिवे आपली कैफियत रंगातून सांगतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास पुरतात. म्हणून उपासमार सुरू झाली की आधी निळा मान टाकतो, मग हिरवा. पांढरा रंग लावल्यावर पट्टी तोंडाशी शुभ्र, मध्ये पिवळसर आणि शेवटी तांबूस दिसू लागली, तर दिवे चांगले आहेत आणि पाणी शेपटापर्यंत पोचत नाही असे समजावे. दाब आणखी घसरला की चिपचे भान सुटते आणि लुकलुक सुरू होते.

साकोलीच्या बाजूच्या एका गावातील कमान हे याचे नमुनेदार उदाहरण होते. १० मीटरची कमान, ६०० दिवे आणि त्यांना १० अँपिअरचा एकच पॉवर सप्लाय, तोही मंचामागे ठेवलेला. पांढरा रंग आला की अख्खी कमान एकदम विझायची आणि पुन्हा पेटायची. नुसता लाल किंवा निळा असला तर शेवटचे दोन मीटर थरथरायचे. शिवाय अधूनमधून कुठलाही दिवा कुठल्याही रंगात चमकून जायचा. एकाच रोग्याला तीन आजार होते, आणि सगळे मिळून त्याला एकच नाव देत होते, ‘खराब माल’.

कमान एकदम विझण्याचे कारण सरळ होते. पॉवर सप्लायवर झेपेल त्याहून जास्त ओझे पडले की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि लगेच पुन्हा सुरू होऊ पाहतो. मंडळात आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला एक मुलगा होता. त्याला सोबत घेतले. १० ऐवजी २० अँपिअरचा सप्लाय आणला आणि कंट्रोलरमध्ये उजेडाची कमाल मर्यादा ४० टक्क्यांवर बांधली. ६०० दिव्यांना त्या मर्यादेत साडेचौदा अँपिअरहून कमी पुरतात, म्हणजे सप्लायला थोडा श्वास घ्यायला जागा राहिली. रात्रीच्या अंधारात ४० टक्के आणि १०० टक्के यांतला फरक पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या आजारावर पाटकऱ्याचाच उपाय केला. सप्लाय मंचामागून काढून कमानीच्या पायथ्याशी, पाऊस लागणार नाही अशा पेटीत आणला, म्हणजे लांबची वायर २३० व्होल्टची झाली आणि ५ व्होल्टची वाट आखूड राहिली. मग पट्टीला एका टोकाऐवजी सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी जाड वायरने वीज दिली. मधल्या बांधीला पाटाचे वेगळे तोंड काढून द्यावे तसे. शेवटचे दोन मीटर शांत झाले. (दोन सप्लाय वापरायची वेळ आली तर त्यांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात आणि धन तारा आपापल्या तुकड्यापुरत्या वेगळ्या ठेवाव्यात.)

तिसरा आजार मात्र निरोपाच्या वाटेवरचा होता. कंट्रोलर कमानीपासून बारा फुटांवर होता आणि त्याच्याकडून फक्त निरोपाची एक तार पट्टीला येत होती. कंट्रोलरची ऋण तार पट्टीच्या ऋण तारेला जोडलेलीच नव्हती. दोन माणसांनी उंची मोजायची आणि एकाने जमिनीवर, दुसऱ्याने ओट्यावर उभे राहायचे, तर मेळ कसा बसणार? विजेच्या भाषेत ही समान जमीन म्हणजे ग्राउंड. ते एक नसेल तर पट्टीला निरोपातला ‘हो’ आणि ‘नाही’ वेगळा ओळखता येत नाही. तारेजवळ हात नेला की लुकलुकीची तऱ्हा बदलते, ही या दोषाची सोपी खूण.

ग्राउंड जोडूनही थोडी चमक उरते, तेव्हा आणखी एक बारकावा पाहावा लागतो. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप पुरवठ्याच्या सात दशांश, म्हणजे ३.५ व्होल्टच्या वरचा निरोपच ‘हो’ मानते. आजचे वायफायवाले स्वस्त कंट्रोलर मात्र ३.३ व्होल्टमध्येच बोलतात. तार आखूड असली तर बहुधा निभावते, लांबली की नाही. त्यातून एक विचित्र प्रकार घडतो. काही पट्ट्या भरपूर उजेडात शांत असतात आणि मंद केल्या की लुकलुकतात. लोक चक्रावतात. पण उजेड वाढला की प्रवाह वाढतो, पट्टीचा दाब थोडा घसरतो आणि त्याबरोबर सात दशांशाची अटही खाली येते, म्हणून कंट्रोलरचा बारीक आवाज ऐकू जातो. उजेड मंद केला की दाब पुन्हा पूर्ण ५ व्होल्टवर येतो, अट कडक होते आणि निरोप नापास होतो. यावर लेव्हल शिफ्टर नावाची काही रुपयांची चिप मिळते. ७४एएचसीटी१२५ हे तिचे नाव दुकानदाराला सांगितले की पुरे. ती ३.३ चा आवाज ५ पर्यंत चढवते. जोडीला निरोपाच्या तारेत पट्टीजवळ ३०० ते ५०० ओहमचा एक रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी धन-ऋण तारांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की पहिल्या दिव्याचे आयुष्यही वाढते. साकोलीच्या बाजूच्या त्या कमानीत हे सगळे केल्यावर तिन्ही आजार गेले. एकही दिवा बदलावा लागला नाही.

घरी देवघरापुढे किंवा टीव्हीमागे पट्टी लावणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम थोडक्यात सांगतो. पहिल्यांदा उजेड चौथ्या हिश्श्यावर आणा. लुकलुक थांबली तर दोष बहुधा विजेच्या वाटेत. तशीच राहिली किंवा वाढली तर निरोपाच्या वाटेत. मग पांढरा रंग लावून पट्टीच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटरने दाब मोजा. ५ व्होल्टच्या पट्टीत शेवटी साडेचारच्या खाली काटा आला, तर तिथे वेगळी वीज द्या. पट्टी एका ठराविक जागेपर्यंत चांगली आणि त्यापुढे वेडीवाकडी किंवा अंधारी असेल, तर दोष शेवटच्या शहाण्या दिव्यात, पहिल्या वेड्या दिव्यात किंवा त्या दोघांमधल्या सांध्यात शोधा, बाकी पट्टीला हात लावू नका. तेवढा एक दिवा कापून नवा जोडता येतो. पट्टीवर छापलेल्या बाणाची दिशा पाहायला विसरू नका, निरोप उलट्या दिशेने जात नाही. आणि लुकलुक फक्त मोबाइलच्या चित्रणातच दिसत असेल, तर निवांत राहा. हे दिवे उजेड कमी-जास्त करण्यासाठी मुळातच सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

आता सुरक्षिततेबद्दल. ५ व्होल्टच्या तारेला हात लागला तर झटका बसत नाही, म्हणून पोरे बेफिकीर असतात. पण झटका दाबाचा असतो आणि आग लावते ती प्रवाहामुळे निर्माण होणारी उष्णता. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. दाबून बसवलेल्या सैल क्लिपमधून, पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या सांध्यातून १५ अँपिअर जाऊ लागले की तो सांधा तापतो. सैल सांधा लुकलुक घडवतो आणि तोच सांधा पुढे प्लास्टिक वितळवतो. मंडपात आजूबाजूला काय असते? कापड, थर्माकोल, कागदी फुले आणि आमच्याकडे हमखास धानाचे तणस. म्हणून सांधे सोल्डरने पक्के करावेत, प्रत्येक वीजतोंडाला योग्य क्षमतेचा फ्यूज लावावा आणि सप्लायच्या २३० व्होल्टच्या बाजूला जाणकाराशिवाय कोणी हात घालू नये. कमान थोडा वेळ पूर्ण उजेडावर ठेवावी, मग वीज बंद करून सांध्यांवरून बोट फिरवावे. जो सांधा गरम लागेल तो त्याच दिवशी दुरुस्त करावा.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. ती यंत्रे वेगळी, तो प्रसंग वेगळा, त्याची तुलना सणाच्या दिव्यांशी करायची नाही. पण त्या पहाटेनंतर या जिल्ह्यात तरी विजेच्या उपकरणाची कुरकुर हसण्यावारी नेऊ नये, एवढे मला वाटते. लुकलुक हीसुद्धा एक कुरकुरच असते. ती फार स्वस्तात मिळालेली सूचना आहे.

आमचा जिल्हा तसा उजेडाच्या कामाला नवखा नाही. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांच्या उद्योगात वापरले जाते. भंडाऱ्याला पितळेचे शहर म्हणून नाव मिळाले ते धातू तापवणाऱ्या, ठोकणाऱ्या, जोडणाऱ्या हातांमुळे. फुटलेले भांडे फेकायचे नसते, ते जोडून घ्यायचे असते, हे या गावांना कोणी शिकवावे लागले नाही. तीच जुनी रीत आता नव्या वस्तूंना लावायची आहे. गावात आयटीआय शिकलेली मुले आहेत, त्यांच्या हाताला काम हवे आहे आणि मंडळांकडे पेट्या भरून ‘खराब’ पट्ट्या पडल्या आहेत.

मंडळांना माझे एक छोटेसे सांगणे आहे. कमान उतरवून सामान पेटीत भरताना झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर चार ओळी लिहा: एकूण दिवे किती, सप्लाय किती व्होल्टचा आणि किती अँपिअरचा, वीज कोणकोणत्या जागी दिली, उजेडाची मर्यादा किती. पुढच्या वर्षी कार्यकर्ते बदललेले असतील, पेटी उघडणारे हात नवे असतील. त्यांनी तो कागद वाचला, की शेपटाकडच्या दिव्यालाही त्याच्या वाटणीची वीज पहिल्याच रात्री मिळेल.